लायलला ऐकू आलेला ठराव

“तू त्याच्या उजव्या हाताला बैस गं. डावा कान गेलाय त्याचा. विचारलंस तर कबूल नाही करायचा.”

मंडळाचा सदस्य लायल याच्याबद्दल त्याची बायको डेला टोरगरसन हिने हे सांगितलं तेव्हा मी टेबलावर उघड्या खोक्यात पडून होतो आणि टेस माझ्या वायरचा गुंता सोडवत होती. टेस नुसती हसली. नवऱ्याला ऐकू येत नाही अशी तक्रार कोणती बायको करत नाही, असं तिला वाटलं असावं. तो विषय तिथेच राहिला.

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. माझ्या डोक्यावरचा स्पंज झिजला आहे आणि गळ्याशी चिकटपट्टी आहे. कारखान्यातलं मला काही आठवत नाही. माझं आयुष्य सुरू झालं ते अमेरिकेच्या माँटाना राज्यातल्या एका गहू पिकवणाऱ्या गावात, शाळा मंडळाच्या खोलीत. टेस तेव्हा मंडळावर नुकतीच निवडून आली होती. राज्यातल्या मंडळांच्या संघटनेकडून सदस्यांना छोटी अनुदानं मिळत. सदस्यांनी कारभार नीट शिकावा, गावाचं नीट ऐकावं, एवढ्यासाठीच तो पैसा असे. मुलांच्या वह्या किंवा छपराची दुरुस्ती त्यातून करता येत नसे. टेसने अर्ज केला आणि त्या पैशांत मी, एक स्पीकर आणि कानात घालायचं एक छोटं यंत्र असे तिघे आलो. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना ऐकू यावं, एवढाच तिचा विचार होता.

गावाला ते रुचलं नाही. पोरांना रंग नाहीत आणि मेंबरांना माइक, आता सभेत गाणी म्हणणार का, असं कोणीतरी किराणा दुकानात म्हणालं आणि सगळे हसले. टेसच्या कानावर ते आलं. पहिल्याच सभेनंतर तिने आम्हाला कपाटात ठेवून दिलं. खोली लहान आहे, सगळे एकमेकांना ओळखतात, माइक कशाला, असं अध्यक्ष व्हर्नही म्हणालाच होता.

कपाटाचं दार नीट लागत नसे, त्यामुळे फटीतून मला टेबल दिसे. टेसची छोटी मुलगी कोपऱ्यात सतरंजीवर खेळे. हिवाळ्यात तिचा कान फुटला होता. तेव्हापासून टेस तिच्यामागे उभी राहून कपावर चमचा वाजवी आणि मान वळते का ते बघे. वळली की मगच कामाला लागे. तिच्या उजव्या हाताला बसणारा लायल मात्र प्रत्येक विनोदाला इतरांच्या मागून हसे. ते तिच्या नजरेत आलं नाही.

मग बॅजर कुलीची शाळा बंद करण्याचा ठराव आला. ओढ्यापलीकडची ती एका खोलीची शाळा. लायल तिथेच शिकला होता. मतं निम्मी इकडे, निम्मी तिकडे होती. लायलचं मत काय पडणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं, त्यामुळे त्याच्याशी कोणी बोललं नाही. थंडी कडाक्याची होती, हीटरचा पंखा घरघरत होता. व्हर्नने कागदात बघत ठराव वाचला आणि एकेकाला विचारलं. लायल “हो” म्हणाला, त्याने खुर्चीखालची टोपी उचलून डोक्यावर ठेवली आणि तो उठला.

त्याच्या एका मताने ठराव मंजूर झाला. शाळा बंद झाली होती.

त्यानंतर धान्याच्या गोदामावर लोक लायलकडे पाठ करून उभे राहू लागले. कोणीतरी त्याची जमीन विकत घेणार आहे, म्हणून फिरला, असंही बोललं गेलं. खरं काय झालं ते डेलाने त्याला घरी सांगितलं होतं. पण ऐकू आलं नाही असं सांगण्यापेक्षा फितूर म्हणवून घेणं त्याला बरं वाटलं.

टेस एक दिवस टेबल आवरत होती. तिचा हात लायलच्या खुर्चीवर थांबला. सभा संपली नसताना माणूस टोपी का घालेल? ती कपाटाशी आली, आम्हाला पिशवीत टाकलं आणि थेट त्याच्या शेडवर गेली. तो ट्रॅक्टरखाली वाकून पान्याने काहीतरी पिळत होता. टेस त्याच्यामागे उभी राहिली. तिने खिशातला चमचा काढून पत्र्यावर वाजवला. एकदा, मग जोरात. लायलची मान वळली नाही.

ती पुढे जाऊन त्याच्या उजव्या बाजूला एका पिंपावर बसली.

“डेलाने मला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “मी तिकडे लक्षच दिलं नाही.”

“तिला बोलायची सवय आहे.”

“लायल, हा ठराव परत मतदानाला उघडता येतो. पण जो ‘हो’ म्हणाला त्यानेच तो उघडायचा. तसा नियमच आहे. मी ‘नाही’ म्हटलं होतं, मला नाही करता येत.”

त्याने पाना पुसून खाली ठेवला. मग त्याने पिशवीकडे बोट दाखवलं. “ते कानातलं, दुखतं का गं?”

पुढच्या सभेला मी टेबलावर होतो आणि ते छोटं यंत्र लायलच्या कानात होतं. लायलने मला इतकं जवळ घेतलं की त्याच्या श्वासाने स्पंज ओला झाला.

“मागच्या वेळी मला फक्त ‘बंद’ एवढंच ऐकू आलं,” तो म्हणाला. “मला वाटलं, सभा बंद. म्हणून हो म्हणालो. मला दोन वर्षांपासून नीट ऐकू येत नाही. तो ठराव परत मतदानाला घ्या.”

व्हर्न माझ्याकडे झुकला. “लायल, आमची सभा इतक्या लवकर संपलेली तू कधी पाहिलीस रे?”

खोली हसली. लायलही हसला, सगळ्यांबरोबर, त्याच क्षणी. टेसने डोळे पुसले आणि मुलीकडे बघत राहिली.

पुन्हा मतं घेतली आणि बॅजर कुली वाचली. पुढे तिकडे मुलंच उरली नाहीत तेव्हा ती बंद झाली, पण त्या वेळी प्रत्येकाने ठराव ऐकून मत दिलं. नंतर मंडळाकडे नवी यंत्रं आली. आता मी फळीवर असतो. लहान मुलं शाळा बघायला आली की मला हातात घेऊन फुंकतात, आणि त्यांनी मला पुन्हा जागेवर नीट ठेवावं एवढीच माझी इच्छा असते.

टेस त्या मुलांना एक गोष्ट सांगते, तीच तुम्हालाही सांगतो. मित्रांनो, तुमच्या घरात कोणीतरी सगळ्यांच्या मागून हसत असेल. आज त्यांच्या मागे उभे राहा आणि हळूच चमचा वाजवा. मान वळली नाही, तर पुढे जाऊन त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसा.