चार किलोंनी मोटार

जुन्या पुलावर मालवाहू गाड्यांना बंदी झाली आणि रोपवाटिकावाली अडकली. तिची गाडी पुढून चार दारांची मोटार, मागून उघडा हौदा. पुढे सासरे बसत, मागे कुंड्या. शेजारीपाजारी गाडीला खेचर म्हणत. तिला त्याचं वाईट वाटत नसे. खेचर दोघांची कामं करतं. पण कागदावर ती मालवाहू होती.

सासऱ्यांची उजवी बाजू अर्धांगवायूने लुळी पडली होती. आठवड्यातून तीनदा त्यांना नदीपलीकडच्या दवाखान्यात व्यायामाला न्यावं लागे. पुलावरून वीस मिनिटं, वळसा घालून दीड तास. आणि तेवढं बसणं त्यांच्या कंबरेला झेपत नव्हतं. पुलावरच्या पहारेकऱ्याने कागद पाहिला, सासऱ्यांकडे पाहिलं आणि हळहळत का होईना, दोघांना परत पाठवलं.

नवरा परगावी कामाला होता. फोनवर म्हणाला, विकून टाक, साधी मोटार घेऊ. तिने विचारलं, मग रोपं काय डोक्यावर नेऊ?

नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं की मागे हौदा म्हणजे मालवाहू, यात बघण्यासारखं काही नाही. ती म्हणाली, नियम वाचून दाखवा. नियमाचं पुस्तक कपाटात, किल्ली साहेबांकडे, साहेब रजेवर. ती दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली. चौथ्या दिवशी ती दारात दिसताच कारकून आपणहून किल्ली शोधायला उठला.

नियमात हौद्याचा उल्लेखच नव्हता. होतं ते वजन. गाडीला ठरवून दिलेल्या कमाल वजनातून रिकामी गाडी आणि सगळ्या जागांवरची माणसं वजा केल्यावर मालासाठी जेवढं वजन उरतं, ते माणसांच्या वजनाहून कमी असेल तर गाडी प्रवासी. माणूस सत्तर किलोंचा धरायचा.

सासऱ्यांची उभी हयात वजनकाट्यावर गेली होती. डाव्या हाताने वेडेवाकडे आकडे काढत त्यांनी गणित मांडलं, पुन्हा तपासलं आणि म्हणाले, "बसतंय. अर्ज कर."

तपासणीच्या दिवशी ती त्यांनाही बरोबर घेऊन गेली. तपासणी करणाऱ्या बाई कडक होत्या. हौद्यावरची लोखंडी जाळी मूळची नाही, ती उतरवा, असं त्यांनी सांगितलं. तिने पाना मागून घेतला आणि स्वतःच जाळी सोडवली. मग सासऱ्यांना बाकावर बसवून तिने गाडी काट्यावर चढवली. पाच माणसांचे साडेतीनशे किलो. मालासाठी उरत होते तीनशे साठ. जाळी गेल्याने गाडी हलकी झाली होती, आणि तेवढीच तिची माल पेलायची ताकद वाढली होती.

"दहा किलोंनी मालवाहू," बाई म्हणाल्या. कारकून बाजूला उभा होता. त्यालाही ते आवडलेलं दिसलं नाही.

तेवढ्यात सासऱ्यांनी बाकावरून विचारलं, "बाई, रिकाम्या गाडीच्या वजनात जादा चाक धरतात ना?"

धरतात, बाई म्हणाल्या.

ते चाक रोपवाटिकेत पडलं होतं. चार कुंड्या जास्त मावाव्यात म्हणून तिनेच ते काढून ठेवलं होतं. काटा दोन वाजता बंद होणार होता आणि एक वाजून गेला होता. सासऱ्यांना बाकावरच ठेवून ती निघाली. परत येऊन चाक जागेवर बसवलं तेव्हा दोनला सात मिनिटं कमी होती, आणि तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

चाक चौदा किलोंचं निघालं. मालासाठी उरले तीनशे सेहेचाळीस.

बाईंनी आकडा दोनदा वाचला आणि सही केली. कारकुनाने 'मालवाहू' खोडून 'प्रवासी' लिहिलं. जाळी पुन्हा लावायची नाही, अशी अट पडली. म्हणजे उंच रोपं आता आडवी न्यावी लागणार, फेऱ्याही वाढणार. तिने मान डोलावली.

सोमवारी पहारेकऱ्याने नवा कागद पाहून हात केला. दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या मुलीने सासऱ्यांच्या उजव्या हातात रबरी चेंडू ठेवला. बोटं जराशी वळली, चेंडू निसटला आणि खाटेखाली गेला.

"परत द्या," सासरे म्हणाले.