दुपट्ट्याच्या गाठीतल्या गोळ्या

शनिवारी सकाळी ऑपरेशनचे कपडे घालायला म्हणून सिस्टर रीनाने केवलरामच्या कमरेचा दुपट्टा सोडला, आणि गाठीतून गोळ्या टपाटप फरशीवर पडल्या. तिने वाकून वेचल्या. बारा! आदल्या दिवशीच्या तिन्ही वेळच्या, एकूणएक.

"अगं आई गं! बाबाजी, ह्या काऊन नाही खाल्ल्या?"

केवलराम देवरीकडचा, साठी ओलांडलेला. मोठ्या आतड्यात गाठ. ती काढणारे डॉक्टर नागपूरहून गोंदियाच्या या दवाखान्यात पंधरा दिवसांतून एकदाच येत. मागच्या खेपेला त्याच्या बायकोने, रुख्माने, उपाशी माणसाचा जीव कसा राहील म्हणून वाटीभर पेज पाजली आणि ऑपरेशन बोंबललं. म्हणून या वेळी रीनाने दोघांना कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं: खायचं नाही, पोट साफ करायची पावडर प्यायची, गोळ्या घ्यायच्या. गोळ्या पोटात गेल्याशिवाय डॉक्टर आतड्याला हात लावत नसत.

"मी या खेपेस शीत बी नाही देलं यायले," रुख्मा घाईघाईने म्हणाली.

"मी काय पागल आहो?" केवलराम उखडला. "तुमची पावडर पिऊन दिवसभर संडासात बसून राहिलो. अन् वरून हे पिवळी गोळी! आमच्या गावची आशाबाई जुलाब बंद कराले हेच देते जी. एकीकडून मोकळं करा म्हनता, दुसरीकडून बंद करता. मी म्हटलं, राहू दे, ऑपरेशन झाल्यावर कामी येईन."

रीनाच्या अंगाचा तिळपापड झाला. पालथ्या घड्यावर पाणी! कुणासाठी मरमर करायची इथे? काही बोलणार, तेवढ्यात पलंगाला अडकवलेल्या कागदाकडे तिची नजर गेली आणि तोंडचं पाणी पळालं. गोळ्या दिल्या, दिल्या, दिल्या. तिन्ही ठिकाणी तिचीच सही. दुपारच्या दोन्ही वेळा तिने गोळ्या त्याच्या हातावर ठेवल्या आणि ती पुढच्या पलंगाकडे पळाली. रात्रीच्या तर उशाशी ठेवून, घरी जायच्या आधीच सही ठोकली. वॉर्डात बावीस पेशंट आणि सिस्टर एक. करणार काय?

मुठीतल्या गोळ्या एप्रनच्या खिशात टाकल्या असत्या, तर कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. पण आतड्याचा टाका पिकला की काय होतं, हे तिने मागच्या वर्षी पाहिलं होतं. महिनाभर पू काढला होता तिने त्या माणसाचा, आणि शेवटी तो गेलाच. तिने मनातल्या मनात दवाखान्याला, केवलरामला आणि स्वतःला एक एक शिवी हासडली आणि डॉक्टरांची खोली गाठली.

डॉक्टर भडकलेच. "सही तुझी, आणि गोळ्या त्याच्या दुपट्ट्यात? आता दिल्या तरी गुण यायला वेळ लागतो, आणि माझी गाडी संध्याकाळची. पुढच्या खेपेला बघू. मधेच आतडं बंद पडलं तर धावपळीत कापावं लागेल, संडाससाठी पोटावर पिशवी लावावी लागेल. हे त्याला सांग. आणि मला लेखी दे."

तिने जाऊन सांगितलं. रुख्मा पदर तोंडाला लावून रडू लागली. केवलराम मात्र ओरडला नाही.

"एक सांगा बाई. मोकळं कराची दवा अन् बंद कराची गोळी संगंच कायले देता?"

"बाबाजी, पावडरीनं घाण निघून जाते, पण जंतू आतच राहतात. आतडं कापलं की ते पोटात पसरतात, पू करतात. ही गोळी ते जंतू मारते. आशाबाईची गोळीही जंतूच मारते, म्हणून जुलाब थांबतात."

"असं आहे काय!" केवलराम उठून बसला. "मंग हे काल काऊन नाही सांगितलं? तुमच्यापाशी टाईम नव्हता, म्हणून मी बी नाही विचारलं."

सांगायला रीनाला मिनिटभरही लागलं नव्हतं.

"द्या मंग," त्याने हात पुढे केला. "बाराही आताच गिळतो. डॉक्टरले म्हना, खाल्ल्या म्हाताऱ्यानं."

"आता नाही चालत, बाबाजी," म्हणताना तिला रडूच फुटलं.