उताणे बगळे

“तिथं नको,” रंगारी म्हणाला.

मी शिडीच्या वरच्या पायरीवर उभी, हातात ड्रिल, ओठांत दोन स्क्रू धरलेले. खाली बघितलं तर तो नेहमीसारखाच पाठीवर पडलेला, पण डोळे माझ्या हातावर. मी बोटाने भिंत ठोकून दाखवली. “पोकळ,” तो म्हणाला. वीतभर बाजूला ठोकलं तर कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, “हां. इथं.” मी मुकाट्याने तिथे भोक पाडलं. खरं तर मला शिडीवरून उतरून त्याच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी तो इतकं बोलला होता.

रंगारी म्हणजे माझा नवरा. लोकांची घरं रंगवायचा. मी पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायचे आणि मापं घ्यायलाही जायचे. अशाच एका नव्या घरात मी खिडकीचं माप घेत असताना याच्या डब्यातला पांढरा रंग माझ्या कापडाच्या ताग्यावर सांडला. मी “ए रंगारी!” म्हणून जी ओरडले, ते तेव्हापासून तेच तोंडात बसलं. त्याने मला पडदेवाली केलं. पुढे लग्न झालं तरी हाका बदलल्या नाहीत. माझ्या नणंदेला, म्हणजे वन्संना, याचा भारी राग. नवऱ्याला धंद्यावरून हाक मारणारी बाई त्यांनी दुसरी पाहिली नव्हती म्हणे.

आता असं वाटेल की एक रंगारी, एक पडदेवाली, म्हणजे घर कसं देखणं असेल! कसलं काय. दिवसभर लोकांच्या भिंती घासून आलेला माणूस घरी ब्रशला हात लावत नाही आणि दिवसभर लोकांचे पडदे शिवून आलेली बाई घरी सुई धरत नाही. आमच्या खिडकीला जुनी चादर दोरीवर टाकलेली होती. लग्न झाल्यावर मी तात्पुरती म्हणून टाकली, ती तशीच राहिली. पुढे कधीतरी निवांत करू, असं दोघंही म्हणायचो.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं आणि पलंग बाहेरच्या खोलीत आणावा लागला. त्याचं डोकं खिडकीकडे ठेवलं आणि पाय दाराकडे, म्हणजे आल्यागेल्याचं तोंड तरी त्याला दिसेल. पण आलेगेले घटकाभर बसून जातात. उरलेला सगळा वेळ त्याच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट, ते छत. वरच्या मजल्यावरच्यांच्या न्हाणीघरातून पाणी झिरपून त्यावर भलामोठा तपकिरी डाग पडलेला आणि पोपडे लोंबत असलेले. आयुष्यभर दुसऱ्यांची छतं पांढरीशुभ्र करणाऱ्या माणसाला दिवसरात्र तेच बघत पडायची पाळी आली. “खरवड,” एवढंच म्हणायचा. मी त्याच्या जुन्या जोडीदाराला बोलावलं. तो म्हणाला, वरची गळती थांबल्याशिवाय इथे रंग धरणार नाही. वरच्यांना सांगून सांगून माझ्या जिभेला फोड आले, पण ते कशाला हलतात. शेवटी रंगाऱ्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. घास पुढे केला तरी ओठ मिटून घ्यायचा.

वन्सं आल्या, त्यांनी हे बघितलं आणि ठरवून टाकलं. त्यांच्या घरी वरची मोठी खोली रिकामी आहे, हवेशीर, पांढरी, सांभाळायला बाई ठेवता येईल. “रविवारी गाडी घेऊन येते,” त्या म्हणाल्या. “त्याचे कपडे भरून ठेव. आणि हे रंगाचे डबे विकून टाक, नुसती अडगळ.” त्या वाईट बोलल्या असत्या तर मी भांडले असते. पण आई लवकर गेल्यावर त्यांनीच याला अंगाखांद्यावर वाढवलं होतं आणि बोलताना त्यांचे डोळे भरले होते. मी रंगाऱ्याकडे बघितलं. तो हो म्हणेना, नाही म्हणेना. तो तिकडे गेला असता तर मी आठवड्यातून एकदा फळं घेऊन भेटायला जाणारी बाई झाले असते. संसार केला मी, आणि शेवटी पाहुणी होऊ?

तरी दुसऱ्या दिवशी डबे विकायला जुन्या बाजारात गेले. तिथला जुनेवाला ओळखीचा. मोडक्या घरांतलं सामान आणून विकतो. त्याच्या दुकानात एक पत्र्याची पेटी उघडी होती आणि तिच्यात कापड. जन्म कापडात गेला माझा, पण असं कापड हातात आलं नव्हतं. जाड सुती, निळसर राखाडी, आणि त्यावर उडणारे पांढरे बगळे, पाय मागे ताणलेले, माना लांब. कुणाच्या तरी मोठ्या घरातले पडदे असावेत. घड्यांवर उन्हाने विटून पट्टे पडले होते, म्हणून कुणी घेत नव्हतं. मी ते कापड मांडीवर घेऊन तिथेच बसले आणि मला एकदम आमचं छत आठवलं.

डबे देऊन पेटी घेतली. वर पितळी कड्यांची जुडी मागितली, तीही त्याने कुरकुरत दिली. डबे विकायला गेलेली बाई पेटी भरून परत आली, असं शेजारीण अजून सांगते.

विटलेले पट्टे मी कापून काढले, चांगले तुकडे जोडले, कडेला दुहेरी दुमड घातली. दोन भिंतींमध्ये तारा ताणायच्या, त्यांत कड्या ओवायच्या आणि कड्यांना कापड, म्हणजे पडदाच, फक्त आडवा. भिंतीत आकडे कुठे बसवायचे ते पलंगावरून रंगाऱ्याने सांगितलं. एक भोक मी त्याचं न ऐकता पाडलं, तर खरंच मूठभर गिलावा माझ्या केसांत पडला. तो म्हणाला, “बघ.” बायकोला बघ म्हणण्यातलं सुख त्या आजारपणातही त्याच्या तोंडावर दिसत होतं.

शनिवारी दुपारी कापड चढलं. आमच्या दुकानाची एक रीत होती. पडदा लावून झाला की खोलीबाहेर जायचं, दार लोटायचं, मग गिऱ्हाईक येतं तसं दार उघडून आत यायचं आणि बघायचं. मी तेच केलं. चौकटीत उभी राहून वर बघितलं आणि माझाच जीव सुखावला. तो डाग नाही, ते पोपडे नाहीत. निळ्या आभाळातून बगळ्यांची रांगच्या रांग चालली होती, पाठी वर, पोटं खाली, जसे असायला हवेत तसे.

“कसं झालं रे?” मी विचारलं.

तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले आणि घशातून कसलासा आवाज यायला लागला. मला वाटलं पुन्हा झटका आला. धावत जाऊन त्याचं डोकं धरलं. तो हसत होता. इतका हसत होता की डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळलं. मी त्याच्या डोक्याजवळ वाकून त्याच्या नजरेने वर बघितलं आणि मटकन खालीच बसले. दारातून सुलटे दिसणारे बगळे पलंगावरून सगळे उलटे होते. पाय वर, पाठी खाली. इतकी वर्षं पडदे शिवले, पण झोपलेलं गिऱ्हाईक मला कधी भेटलंच नव्हतं.

मला रडू फुटलं. म्हटलं, उतरवते, उद्या सकाळपर्यंत फिरवून लावते. त्याने डाव्या हाताने माझं मनगट पकडलं.

“राहू दे,” तो म्हणाला. मग श्वास घेऊन, एकेक शब्द काढत, “उताणे. माझ्यासारखे.”

त्या संध्याकाळी तो पोटभर जेवला.

रविवारी वन्सं आल्या. चपला काढतानाच त्यांची मान वर गेली. “हे काय मांडलंयस?” मी म्हटलं, छत. मग त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला. घरात माणूस अंथरुणाला खिळलाय आणि हिला सजावट सुचतेय, ही खोली आहे का नाटक कंपनी, भेटायला येणारे लोक काय म्हणतील, शेण घालतील तोंडात. मी ऐकून घेतलं. एरवी मी ऐकून घेणाऱ्यांतली नाही.

“लोकांना सांगा, वर बघू नका,” मी म्हणाले. “आणि वन्सं, कपडे भरलेले नाहीत. तो इथून हलणार नाही.”

“हे तू ठरवणार?”

मी काही बोलायच्या आत त्या पलंगापाशी गेल्या, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि लहान मुलाशी बोलावं तशा म्हणाल्या, “चल बाळा, माझ्याकडे चल. तिकडे छान वाटेल तुला.” मी दाराची चौकट धरून उभी राहिले. माझं सगळं नशीब त्या वाकड्या झालेल्या तोंडातून काय निघतं त्यावर होतं. त्याने डावा हात वर उचलला, छताकडे.

“नाही,” तो म्हणाला. “हे माझं.”

वन्सं रडत गेल्या. पण बाई मनाने मोठी. दर आठवड्याला जेवणाचा डबा यायला लागला, सोबत कधी नवी उशी, कधी मलम. डबा घेऊन स्वतः यायच्या, दारात उभ्या राहून छताकडे बघून नाक मुरडायच्या आणि घटकाभर बसून जायच्या.

मला तर आता चेवच आला. कोण काय म्हणतं ते म्हणू दे, या घरात आता सुई रिकामी बसणार नाही, असं मी ठरवलं. जुनेवाल्याकडून मोडक्या टेबलाचा खण आणला आणि भिंतीवर आडवा ठोकला, त्यात त्याची औषधं. एक खुर्ची आणली, तिच्या बैठकीतून स्प्रिंगा डोकावत होत्या. तिला दुकानातल्या उरल्यासुरल्या मखमलीचं कापड लावलं, निम्मं लाल, निम्मं हिरवं. खिडकीवरची चादर फाडून तिची पुसणी केली. रंगारी पडल्यापडल्या हुकूम सोडायचा. खिडकीची चौकट मी रंगवली ती त्याच्या देखरेखीखाली. “ओघळ,” “ब्रश आडवा,” “गाढव,” असे त्याचे शब्द वाढत गेले. पोरगं शाळेत जातंय असं वाटायचं मला. निवांत करू म्हणून जे राहिलं होतं ते आम्ही असं केलं, तो आडवा आणि मी शिडीवर.

दोन उन्हाळे असे गेले. मग एका सकाळी मी चहा घेऊन आले तर तो वर बघत होता आणि हाक मारली तरी बघतच राहिला. मी कप खणावर ठेवला आणि त्याच्याजवळ बसले. लगेच कुणाला बोलावलं नाही. तेवढा वेळ मला हवा होता.

वन्सं पहिल्या आल्या. रडून झाल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, माणसं येतील, ते वरचं काढून टाकू, बरं दिसत नाही. मी म्हटलं, नाही. चारचौघांत हा विषय नको म्हणून त्या गप्प बसल्या. आलेल्या माणसांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग वर, मग एकमेकांकडे. बघा म्हटलं, खुशाल बघा.

माणसांचं येणंजाणं थांबल्यावर एका दुपारी वन्सं पुन्हा आल्या. सोबत डबा होता, आता एकटीपुरता. मी मखमलीच्या खुर्चीत बसून एक उसवलेली शिवण घालत होते. त्या दाराजवळ उभ्या राहिल्या, नेहमीच्या जागी, आणि या वेळी चिडून नाही, हळूच म्हणाल्या, “आता तरी उतरव गं. आता कोणासाठी आहे हे?”

“माझ्यासाठी,” मी म्हणाले.

माझं मलाच नवल वाटलं. आयुष्यात एवढे पडदे शिवले, पण हा शब्द कुठल्याच पडद्याच्या बाबतीत तोंडून निघाला नव्हता. जिना चढून वन्संना दम लागला होता, पाठही दुखत असावी. त्या पलंगावर बसल्या, मग जरा टेकते म्हणाल्या आणि त्याच्या उशीवर डोकं ठेवून आडव्या झाल्या.

मी पुन्हा शिवणीकडे वळले.

“अगं,” त्या म्हणाल्या, “हे उलटं लावलंयस तू.”

“हो.”

“एवढी वर्षं दुकानात काढलीस आणि बगळे उलटे? फिरवून का नाही घेतलेस?”

“तो फिरवू देईना. म्हणाला, उताणे आहेत, माझ्यासारखे. राहू दे.”

वन्संच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे जाताना मला दिसलं, जसं त्याचं जायचं. पदर डोळ्यांना लावायचंही त्यांना सुचलं नाही, त्या नुसत्या वर बघत राहिल्या. मी धागा दातांनी तोडला, सुई खुर्चीच्या मखमलीत खोचली आणि पलंगापाशी गेले.

“वन्सं, जरा सरका,” मी म्हणाले.

त्या भिंतीकडे सरकल्या आणि अर्धी उशी माझ्याकडे ढकलली.