आर. के. कोण?

संध्याकाळी सहाला नियतकालिकाच्या साइटवर लेख घेणं बंद होणार होतं. सहाला दहा मिनिटं होती आणि गोपाळकृष्ण सर त्यांच्या घरच्या संगणकावर माझ्या लेखावर स्वतःचं नाव पहिलं टाईप करत होते.

लेख माझा. गेल्या तीस वर्षांत ग्रंथालयशास्त्राच्या नियतकालिकांत बायकांची नावं किती आणि कितव्या जागी आली, हे मी कर्जतच्या कॉलेजात बसून एकटीने मोजलं होतं. सर मार्गदर्शक, म्हणून साइटचा पासवर्ड त्यांच्याकडे. सोमवारी खालापूरकडच्या एका कॉलेजात ग्रंथपालाच्या कायम जागेची मुलाखत होती. पहिलं नाव माझं असलेला एक तरी लेख तिथे दाखवायचा होता; पाठवल्याची पोचही चालणार होती. तो नाही म्हणून याआधी दोन ठिकाणांहून मी हात हलवत परत आले होते.

“सर, पहिलं नाव माझं ठरलं होतं.”

“अगं, माझं पुढे असलं की लेख घेतात. तुझं एस. व्ही. ठेवू. आटोपशीर दिसतं.”

माझं डोकंच फिरलं. “बायकांची नावं मागे पडतात यावर लेख, आणि माझंच मागे? तेही अर्धं?”

सरांच्या बायको, ऋजुताकाकू, चहा घेऊन येत होत्या. त्या दारातच थांबल्या. “नुसती आद्याक्षरं असलेले लेखक कशात मोजलेस गं?”

“पुरुषांत. सर म्हणाले, पुरुषच असणार.” तेव्हा मी नंदीबैलासारखी मान डोलावली होती.

“आर. के. सोमण?”

“सरांच्या पहिल्या लेखातलं दुसरं नाव. पुरुषांतच.”

“ऋजुता केशव सोमण. माझं माहेरचं नाव. तो लेख मी लिहिला होता.” त्यांनी ट्रे ठेवला. “आटोपशीर दिसतं, असं तेव्हाही म्हणाले होते.”

सर चष्मा पुसू लागले.

“उठा,” काकू म्हणाल्या. सर उठले. मी खुर्चीत बसून माझं पूर्ण नाव पहिलं लिहिलं, आणि हात थांबला. चार मिनिटं उरली होती.

“काकू, तक्ता चुकलाय. सगळी टक्केवारी बदलावी लागेल.”

“मुलाखत सोमवारीच ना?”

“हो.”

“मग पाठव. तीस वर्षं पुरुषांत काढली मी, आणखी एक अंक काढीन.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी बटण दाबलं. पोच आली: पहिलं नाव, सुनीती विनायक बापट. काकूंनी ते मोठ्याने वाचलं. तक्ता दोनमध्ये त्या अजून पुरुषच होत्या.