कोण म्हणतं

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वार्ताफलक आहे. बारा वर्षं झाली, रोज सकाळी दोन पेपर वाचून मी त्यावर बातम्या लिहिते. शिक्षण सातवी. बाकीचं त्या फळ्यानंच शिकवलं, तेही मार देऊन. एकदा कुणाच्या तरी सांगण्यावरून मी लिहून टाकलं, की वाळूजच्या कंपनीत गल्लीतल्या दगडाबाईचा मुलगा गेला. त्याचं नुसतं बोट चिरडलं होतं. तो घरी येईपर्यंत दगडाबाईनं उंबऱ्यावर कपाळ फोडून घेतलं. तेव्हापासून नेम केला, आधी कोण म्हणतं ते लिहायचं, मग काय म्हणतं ते.

सीमेवर लढाई पेटली त्या सकाळी मी लिहिलं, 'सरकार म्हणतं, आधी त्यांनी हल्ला केला, म्हणून युद्ध.'

फळा बसवला होता सखारामभाऊंनी, तहसिलीतून रिटायर झाल्यावर. ते आले आणि अंगठ्याला थुंकी लावून त्यांनी 'सरकार म्हणतं' तेवढं पुसलं. मागून कॉलेजात शिकवणारा बुद्धभूषण गाडीवरून उतरला, त्यानं रुमालानं उरलेलं पुसलं.

मग जुंपली. अर्धी गल्ली गोळा झाली. भाऊंचं म्हणणं, जवान मरत असताना 'म्हणतं' लिहिणं म्हणजे शंका, आणि शंका म्हणजे गद्दारी. बुद्धभूषणचं म्हणणं, निवडणूक आली की यांना सीमा आठवते, आणि बिनपुराव्याचं लिहिणं म्हणजे सरकारची दवंडी. भाऊंनी त्याच्या पगाराचा विषय काढला, त्यानं भाऊंच्या पेन्शनचा. दोन्ही येतात त्याच सरकारकडून.

मग दोघं माझ्याकडे वळले. मी पक्षपाती आहे यावर त्यांचं एकमत होतं. कोणत्या पक्षाची, यावर जमेना.

"ते दोन शब्द सोडा, नायतर खडू खाली ठेवा," भाऊ म्हणाले. "फळा माझा हाये."

घरात मला कुणी काही विचारत नाही. फळ्यापाशी मात्र गल्ली थांबते. खडू ठेवला की मी नुसती स्वयंपाकीण.

मी फळ्यावरचे फराटे पुसले आणि लिहिलं, 'सखाराम जाधव म्हणतात, आधी त्यांनी हल्ला केला. बुद्धभूषण साळवे म्हणतात, युद्ध निवडणुकीसाठी आहे.' खडू पुढं केला. म्हटलं, "सह्या करा दोघं."

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माझं नाव कशाला?"

"तुम्हीच म्हणता ना?"

"मी काय तिथं होतो व्हय?"

बुद्धभूषण माझ्या कानाशी आला. "नोकरी घालवता का ताई माझी?"

दोघांनी आपापली ओळ पुसली, एकमेकांकडे न बघता. मी सकाळचं वाक्य पुन्हा लिहिलं, पहिल्या दोन शब्दांसकट. कुणी हात लावला नाही.

भाऊ आता मला बघून थुंकतात. त्यांचं मी मनावर घेत नाही. पण बुद्धभूषण मला वाचायला पुस्तकं आणून द्यायचा. त्याची दोन माझ्याकडं राहिली होती, ती परत करायला गेले. आत पंखा चालू होता. दार उघडलं नाही त्यानं.