आकडी

आक्कांनी सुनेच्या कपाळभर हळद-कुंकू फासलं आणि तिला पाटावर बसवलं. शिवाजी पेठेतल्या त्या खोलीत मंगळवारी पाय ठेवायला जागा नसे. नीलम्माच्या अंगात देवी येते हे साऱ्या पेठेला ठाऊक होतं. आता ती येत नाही, हे फक्त या दोघींना.

उन्हाळ्यात नीलम्मा नेसरीला माहेरी गेली, तेव्हा भावानं तिला गुपचूप डॉक्टरांना दाखवलं होतं. डोक्याला तारा लावून मेंदू तपासला. डॉक्टर म्हणाले, ही आकडी, गोळ्यांनी थांबते. आपल्या दुखण्याला नाव आहे हे ऐकून नीलम्मा तिथंच रडली. गोळ्या सुरू झाल्या आणि देवी यायची थांबली.

"आकडी म्हणून कुठं बोलू नगंस," आक्कांनी बजावलं होतं. "सुष्मिताचं लगीन ठरतंय. आकडीच्या घरातली पोरगी कोण करंल?"

नणंदेच्या लग्नापायी नीलम्मा तेव्हापासून घुमण्याचं सोंग करत होती. पाया पडणाऱ्या बायकांची तिला लाज वाटे, पण उठून जायचं तरी कुठं?

आज इचलकरंजीहून चिमणाबाई आली होती. सोबतच्या लेकीची जीभ चावलेली, कोपर भाजलेलं.

"हिच्याबी अंगात येतंय, आई. काल चुलीवर पडली. देवीला सोडू का हिला?"

"नशीब काढलंस की," आक्का म्हणाल्या.

नीलम्मानं पोरीच्या भाजलेल्या कोपराकडं बघितलं. घुमतच ती म्हणाली, "ह्या पोरीत मी न्हाय. हिला आकडी हाय. दवाखान्यात ने."

चिमणाबाईनं मुकाट मान डोलावली. स्वतःसाठी नीलम्मा हेच बोलली, तेव्हा घरात कुणी ऐकून घेतलं नव्हतं. आक्कांनी ओठ आवळले, पण देवीला काय बोलणार? एवढ्यावर भागलंही असतं.

"पर मालक ऐकायचा न्हाय," चिमणाबाई चाचरत म्हणाली. "गोळ्यांनी बरं झाल्यालं माणूस दाव म्हणंल. कुठनं दावू?"

नीलम्मा घुमायची थांबली. सुष्मिता दारातून बघत होती. आक्कांचा हात नीलम्माच्या खांद्यावर जड पडला. तो बाजूला सारून ती खाली उतरली आणि त्या पोरीशेजारी बसली.

"मावशी," ती आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मालकांना हितं घिऊन या. म्हणावं, हिला बघा, ही गोळ्यांनी बरी झालीया."