तो मान म्हणाला

शार्दूलनं पहिल्याच स्क्रममध्ये माझ्या बरगडीत ठोसा हाणला तेव्हा मला खरं तर बरं वाटलं. म्हटलं, पोरगा नुसता जिममध्ये फुगवलेला नाही, अंगात धमक आहे.

रग्बी न पाहिलेल्यांसाठी सांगतो. दोन्हीकडचे आठ-आठ जण वाकून, डोकी एकमेकांत अडकवून रेड्यांसारखे ढकलत सुटतात, त्याला स्क्रम म्हणतात. पुढच्या रांगेत कडेला जो असतो तो प्रॉप. मागच्या सगळ्यांचा जोर त्याच्या मानेवर येतो. मी पंधरा वर्षं हाच धंदा केला, आधी फ्रान्समध्ये, मग जर्मनीत हायडेलबर्गला. माझे कान चुरगळून कडक झालेत, नाकाला दिशा उरलेली नाही, आणि आई व्हिडिओ कॉलवर अजून विचारते, "गुरुदत्त, दुसरं काही जमलं नसतं का रे तुला?" नसतं जमलं. माणसं आडवी करायला मला आवडतं, त्यात लाजायचं काय?

त्या दिवशी लीगची फायनल होती आणि समोरचा प्रॉप शार्दूल. शेजारच्या लुडविग्सहाफेन गावातल्या वसुधाकाकूंचा मुलगा. मराठी मंडळाच्या दिवाळीत चकल्या ढापून पळताना मी ह्याला पाहिलंय. आता बावीस वर्षांचा, माझ्याहून रुंद, आणि पुढच्या शनिवारी जर्मनीच्या संघाकडून पहिल्यांदा खेळणार होता.

"काय रे, काकूंनी जेवायला घातलं नाही का आज?" मी त्याच्या कानात म्हणालो.

"हाल्ट दि फ्रेसे," तो म्हणाला. म्हणजे थोबाड बंद कर. मराठी त्याला सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. काकूंनी कधीच हात टेकलेत.

मग आम्ही एकमेकांना तासभर तुडवलं. त्यानं माझ्या डोळ्यात बोट घातलं, मी त्याच्या कानाचा लचका तोडायचा बाकी ठेवला. त्याचं कोपर लागून माझा एक दात पडला, तो मी त्याच्याच पायाशी थुंकला. रेफरीनं दोघांना दम भरला. दोघंही हसलो.

सामना संपत आला होता. आम्ही दोन गुणांनी पुढे होतो आणि स्क्रम आमचा होता. नुसतं दाबून धरलं असतं तरी कप आमचा होता. आमच्या आठांनी असा रेटा दिला की शार्दूलची पाठ मधूनच दुमडली आणि डोकं माझ्या छातीखाली जाऊन अडकलं.

"मान!" तो किंचाळला. "मान! मान!"

खेळाचा नियम साधा आहे. कुणी मानेचं नाव घेऊन ओरडलं की ढकलणं तिथल्या तिथं थांबवायचं. पण रेफरीला काय ऐकू आलं? जर्मनमध्ये मान म्हणजे माणूस. जर्मन माणूस वैतागला की 'मान!' असंच ओरडतो, आपण 'अरे यार' म्हणतो तसं.

"कुरकुर बंद करा," रेफरी म्हणाला. "खेळा!"

फ्रान्समध्ये माझ्या शेजारचा एक प्रॉप असाच दुमडला होता. आज त्याला पाणीसुद्धा दुसऱ्यानं पाजावं लागतं. मला भयंकर भीती वाटली. मी शार्दूलची जर्सी सोडली आणि पाय रोवून सरळ उभा राहिलो. मागून माझ्याच सात जणांचा जोर आला, खांद्यात काहीतरी फाटलं, पण मी त्या पोराच्या अंगावर गेलो नाही.

स्क्रममधून उठणं हा गुन्हा. त्यांना पेनल्टी मिळाली, बॉल दांड्यांमधून गेला, त्याचे तीन गुण झाले आणि आम्ही एका गुणानं हरलो.

माझ्या मागं ढकलणारा टॉर्स्टेन येऊन सरळ माझ्या तोंडावर ठोसा मारून मोकळा झाला. मी रक्त पुसत म्हणालो, "त्याची मान गेली होती. तो ओरडला."

सगळे शार्दूलकडे बघायला लागले. तो उठून कपडे झटकत होता.

"मी मान म्हणालो," तो जर्मनमध्ये म्हणाला. "साधं आपलं मान. गुरूचं डोकं फिरलंय."

त्यांचा ट्रेनर होल्गर खो खो हसला. मग आमचेही हसले. माझा असा संताप झाला की काय सांगू!

नंतर सगळे क्लबच्या बाहेर, पार्किंगमध्ये, बिअर घेऊन उभे होते. मी बूटसुद्धा काढले नव्हते. शार्दूलनं काढले होते, तो मोज्यांवर उभा होता. त्याला डावीकडून कुणीतरी हाक मारली. तो आख्खा वळला, पायापासून. डोकं जागचं हललं नाही.

मी जवळ गेलो. "हॉस्पिटलला चल."

"नाइन." म्हणजे नाही.

"अ‍ॅम्ब्युलन्स बोलावतो."

"बोलाव. परत पाठवीन." मग आवाज खाली आणून जर्मनमध्येच म्हणाला, "शनिवारी मी खेळणार आहे. तू मध्ये येऊ नकोस."

मी होल्गरला सांगितलं. तो म्हणाला, "जा, जा. सामना घालवलास, आता डॉक्टरही हो."

शनिवारी परत तोच स्क्रम. समोर माझ्यासारखा वेडा असणार नव्हता. शब्दांनी काही होत नव्हतं आणि दुसरी विद्या मला येत नाही. थोबाडीत मारली तर मानेला झटका बसणार. म्हणून मानेपासून सगळ्यात लांबचा अवयव निवडला. त्याच्या कमरेला उजव्या हातानं घट्ट विळखा घातला, पाय उचलला आणि लोखंडी खिळ्यांच्या बुटासकट माझं एकशे अठरा किलो वजन त्याच्या पावलावर आणलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"आई गं!" शार्दूल किंचाळला.

त्याला मी पडू दिलं नाही. अलगद पाठीवर निजवला, डोक्याशी बसलो आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून ठेवलं. तेवढ्यात होल्गरची माणसं माझ्यावर तुटून पडली. पाठीत लाथा बसत होत्या, फाटलेल्या खांद्यावर मुद्दाम बसत होत्या. माझे हात सुटले नाहीत.

"दादा," तो म्हणाला.

"बोलू नकोस. हलू नकोस."

"दादा, बोटं बधिर झालीयेत."

"पाय मोडलाय गाढवा, होणारच."

"पायाची नाही." त्याला रडू फुटलं. "हाताची. स्क्रमपासून. आता कोपरापर्यंत काहीच कळत नाहीये."

मी जर्मनमध्ये ओरडलो, की लाथा नंतर घाला, आधी फोन करा.